वळीव ते मृग: कर्वेनगरच्या हवामान फलकाच्या नोंदी

१६ एप्रिल

काम असं: चार सोसायट्यांच्या फाटकांवर रोज सकाळी साडेनऊला हवामानाचा फलक लावायचा. पाच ओळी, सहावी नाही. आजचं अपेक्षित कमाल तापमान, दुपारी दोन ते रात्री नऊ या वेळात गडगडाटी पावसाची शक्यता टक्क्यांत, वारा, उद्याचा कल, आणि हवामान खात्याचा इशारा असल्यास त्याचा रंग. मुदत मृगापर्यंत. पाऊस एकदा बसला की फलकाचा साचा बदलावा लागेल, तो विषय तेव्हा.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकली. इशारा आपला नसतो, तो शिवाजीनगरच्या वेधशाळेचा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल यातला जो रंग पुणे जिल्ह्याला दिला असेल तोच लिहायचा. आपल्या मोजमापावरून रंग चढवायचाही नाही आणि उतरवायचाही नाही. आपलं काम त्या अंदाजाला गल्लीचा तपशील जोडण्याचं, कारण जिल्ह्याचा अंदाज भोरपासून जुन्नरपर्यंत एकच असतो.

२० एप्रिल

तापमापकाच्या पेटीची जागा. गच्ची सोयीची, पण गच्ची नको. सिमेंटची गच्ची दुपारी तापून वरच्या हवेला दोन-तीन अंश सहज चढवते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. चायना मोझेकची जरा बरी, तरी नकोच. बागेत माती-गवतावर, भिंतीपासून लांब, तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर. दार उत्तरेला.

लाकडी झडपांची पेटी करायला सुतार वेळ मागतोय, म्हणून तोवर कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिक बशांची चळत. आठ बशा, दोन बशांत १५ मिमी अंतर, तीन आटेदार सळ्यांवर नटांनी कसलेल्या. वरच्या दोन अखंड, खालच्या सहांना मधोमध भोक, सेन्सर त्या पोकळीत. बशा आतून काळ्या रंगवल्या तर खालून परावर्तित होणारा प्रकाश सेन्सरवर पडत नाही. बाहेरून मात्र पांढऱ्याच. वारा पडलेल्या दुपारी अशी चळत खऱ्यापेक्षा अंश-दीड अंश जास्त दाखवते. उपाय स्वस्त आहे: खालून हवा ओढणारा पाच व्होल्टचा संगणकातला छोटा पंखा.

बागेचं पाणी. माळी सकाळी आठला नळी लावतो आणि वाचन साडेआठचं. ओल्या गवतावरची आर्द्रता ही पुण्याची आर्द्रता नव्हे. पाणी संध्याकाळी वाचनांनंतर घालायचं ठरलं.

२४ एप्रिल

सेन्सर तपासले. बाजारात ‘बीएमई २८०’ म्हणून विकली जाणारी चिप पुष्कळदा ‘बीएमपी २८०’ निघते. तिला तापमान आणि दाब कळतो, आर्द्रता कळत नाही. डोळ्यांनी खात्री होत नाही; प्रोग्रामने चिपचा ओळखक्रमांक वाचायचा. सोळा-पायाच्या अंकात ६० आला तर खरी, ५८ आला तर परत पाठवा. दोनपैकी एक परत गेली.

आर्द्रतेची मिठाची परीक्षा: घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ, त्यात पाणी इतकंच की मीठ ओल्या वाळूसारखं होईल, वर पाणी तरंगता कामा नये. सेन्सर मिठाला न टेकता टांगायचा, डबा खोलीच्या तापमानाला सावलीत रात्रभर. आत सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. खडे मीठ वापरू नका, त्यातला मॅग्नेशियमचा अंश आकडा खाली ओढतो. पाकिटातलं साधं मीठ चालतं.

पण ७५ला बरोबर असलेला सेन्सर एप्रिलच्या दुपारी २० टक्क्यांना बरोबर असेलच असं नाही. दुसरा बिंदू हवा. मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त मिश्रण ३३ टक्के देतं. दोन्ही बिंदूंतून सरळ रेषा काढून दुरुस्ती करायची, नुसती बेरीज-वजाबाकी नाही.

२५ एप्रिल

जोडीला कोरडा-ओला तापमापक लावला. ओल्याच्या टोकाला गुंडाळलेली वात मलमलीची, धुऊन खळ काढलेली; पाणी बॅटरीचं, नळाचं नाही, कारण क्षार साठले की वात कडक होते आणि ओला तापमापक वर राहतो. बाजारात मिळणारे तक्ते बहुतेक समुद्रसपाटीच्या दाबासाठी असतात. पुणे ५६० मीटरवर. फरक किती पडतो ते मांडून पाहिलं: कोरडा ३६, ओला २२. पुण्याचा दाब ९४३ हेक्टोपास्कल धरला तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊ लागते तो, १५.४ अंश येतो. तक्त्यातला १०१३ धरला तर १४.८. अर्धा अंश चूक फुकट पदरात. आपला तक्ता वेगळा छापून ठेवला, सुताराची पेटी आली की दाराला आतून चिकटवायचा.

२८ एप्रिल

दाब. मोबाइलवरचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही अशी तक्रार येणारच, म्हणून इथे लिहून ठेवतो. मोबाइल समुद्रसपाटीला उतरवलेला दाब दाखवतो. आपल्या दाबमापकावर ९४२ असेल आणि मधल्या हवेच्या थराचं सरासरी तापमान ३० अंश धरलं, तर समुद्रसपाटीचा आकडा १००३च्या आसपास येतो. दोन्ही बरोबर. शिवाय पुण्याच्या उंचीवर दर मीटरला सुमारे ०.१ हेक्टोपास्कल घटतो, म्हणजे पाचव्या मजल्यावरचा दाबमापक तळमजल्याच्या दीडने खाली दिसेल.

खरी फसगत वेगळीच. उष्ण कटिबंधात दाबाला रोजची लाट असते: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास उंच, पहाटे चार आणि दुपारी चारला खोल. पुण्यात दहा ते चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कल उतरणं हा निरभ्र दिवसाचासुद्धा नेम आहे. थंड देशांतल्या पुस्तकांतला ‘दाब उतरला, वादळ आलं’ हा नियम इथे लावला तर रोज दुपारी वादळ जाहीर करावं लागेल. म्हणून दाब फक्त कालच्या त्याच वेळेच्या दाबाशी ताडायचा. फलकावर दाब लिहायचाच नाही.

३ मे

आजची नोंद लांब आहे. फलक ज्यावर उभा राहणार ती गोष्ट हीच.

वळिवाचा अंदाज कमाल तापमानावरून बांधायची सवय सगळ्यांना आहे. ‘आज फार तापलंय, संध्याकाळी येणार.’ तापणं लागतंच, पण ते एप्रिल-मेमध्ये जवळपास रोज असतं. कमी पडते ती वाफ. तेव्हा पाहायचा तो दवबिंदू. सापेक्ष आर्द्रता नाही. ती तापमान चढलं की आपोआप उतरते आणि हवेत वाफ किती याचा पत्ता लागू देत नाही.

ढगाच्या तळाची उंची तोंडी काढता येते: कोरडं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५, उत्तर मीटरमध्ये जमिनीपासून. दुपारी ३८ तापमान आणि १४ दवबिंदू असेल तर तळ ३००० मीटरवर. इतक्या उंचावरून निघालेला थेंब वाटेतल्या कोरड्या हवेत विरतो. विरताना हवा गार होते, जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर काय मिळतं? धूळ, झाडाच्या फांद्या, तारांचा खेळ आणि गाडीच्या काचेवर चार चिखलाचे ठिपके. हेच ३६ आणि २० असेल तर तळ २००० मीटरवर, आणि मग पाऊस पाऊस म्हणण्यासारखा पडतो. म्हणजे कोरडा वळीव वाऱ्याच्या बाबतीत जास्त वाईट असू शकतो. फलकावर ‘पाऊस’ आणि ‘वारा’ या ओळी वेगळ्या ठेवल्या त्या याचसाठी.

आता मुख्य युक्ती. सकाळचा दवबिंदू एकटा काही सांगत नाही. रात्री पश्चिमेकडून घाट ओलांडून आलेली दमट हवा जमिनीलगत पातळ थरात साठते आणि सकाळी साडेआठला दवबिंदू छान २० दिसतो. दहा-साडेदहानंतर ऊन तो थर ढवळतं, वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि अडीचला दवबिंदू १०वर आलेला असतो. अशा दिवशी आकाश रिकामं. उलट, वाफ दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत भरलेली असेल तर ढवळून-ढवळून दवबिंदू कितीसा उतरणार? म्हणून वाचनं तीन: ८:३०, ११:३०, २:३०. सकाळपासून अडीचपर्यंतची घसरण तीन अंशांच्या आत राहिली तर वाफ खोल आहे. सहाच्या वर गेली तर वाफ वरवरची.

सबब १६ एप्रिलची ‘सकाळी एकदा’ ही अट रद्द. फलक दोनदा: साडेनऊला आणि तीनला. सकाळच्या फलकावरची टक्केवारी ही अर्धी माहिती आहे हे त्यावरच लिहायचं.

४ मे

उंचावरची हवा मोजायला सोडलेल्या फुग्याच्या सकाळी साडेपाचच्या नोंदी मुंबईच्या मिळतात, सांताक्रूझच्या. त्यातले खालचे दीड किलोमीटर पुण्यासाठी निरुपयोगी. समुद्राकाठची वाफ धरून काढलेली अस्थिरता मे महिन्यात प्रचंड दिसते आणि तरी मुंबई कोरडी राहते, कारण वर उबदार थराचं झाकण बसलेलं असतं. आपण फक्त ७०० आणि ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा वारा आणि तिथली आर्द्रता उचलायची. सुमारे तीन आणि पावणेसहा किलोमीटर उंची ती.

८ मे

पर्जन्यमापक. विकतचा घ्यायचा तर २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा, कारण हिशोब सोपा: १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलिलिटर. घरी केला तो १६० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा. तिथे एक चूक हमखास होते. १६० हा बाहेरचा व्यास आहे. आतला मोजला तर १५२ भरला. क्षेत्रफळ १८१ चौरस सेंटिमीटर. १ मिमीला १८.१ मिलिलिटर. याला २०ने भागत राहिलो असतो तर प्रत्येक पाऊस नऊ टक्क्यांनी कमी लिहिला गेला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

पाइपची कड कानशीने बाहेरच्या बाजूने उतरती घासली, म्हणजे कडेवर आदळलेला थेंब अर्धा आत अर्धा बाहेर होत नाही. कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट अंतर हवं. ही अट शहरात पाळणं म्हणजे थट्टा आहे, पण निदान नारळाच्या झावळीखाली तरी बसवू नका. आतली बाटली दोन लिटरची. म्हणजे शंभर मिमीच्या पुढेही थोडी जागा. बाटली भरून वाहिली तर पाणी बाहेरच्या पाइपात साठतं, ते वेगळं मोजून मिळवायचं.

दिवस ८:३० ते ८:३०. आज सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी हे आजच्या तारखेचं, मग ते काल संध्याकाळी का पडलेलं असेना. वेधशाळेचा हिशोब असाच असतो. मध्यरात्री बदलणाऱ्या मोबाइलमधल्या आकड्याशी आपला जुळत नाही याचं कारण बहुधा हेच.

गारा. त्या फनेलवर उसळून बाहेर जातात, राहिलेल्या तोंडाशी तुंबतात. कोमट पाणी मोजून ओतायचं, गारा विरघळवायच्या, एकूण मोजून ओतलेलं वजा करायचं.

सोबत झुलत्या बादलीचा आपोआप मोजणारा मापकही लावला. एक झुला ०.२ मिमी, म्हणजे ४ मिलिलिटर. परीक्षा: एक लिटर पाणी सलाइनच्या नळीने तासभर थेंबथेंब सोडायचं. २५० झुले यायला हवेत. २३६ आले. म्हणजे झुला ०.२१२चा. स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा प्रोग्राममध्ये आकडा बदलला. घाईत बदाबदा पाणी ओतून ही परीक्षा केली तर निकाल खोटा येतो: बादली उलटत असताना पडलेलं पाणी मोजलं जात नाही. जोरदार पावसातही हा मापक कमीच दाखवतो, त्यामुळे अंतिम आकडा बाटलीचा.

१० मे

खात्याच्या शब्दांचा कोश फलकाच्या मागच्या बाजूला लावला. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे केंद्रांपैकी चौथ्या हिश्श्यापर्यंत. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हा अंदाज असताना आपल्याकडे थेंब पडला नाही तर अंदाज चुकला असं होत नाही. चारांतल्या तिघांकडे पडणार नव्हताच. ‘हलका’ २.५ ते १५.५ मिमी, ‘मध्यम’ ६४.४पर्यंत, ‘जोरदार’ त्यापुढे ११५.५पर्यंत. हे आकडे चोवीस तासांचे. आणि वळीव अख्ख्या दिवसाचा पाऊस चाळीस मिनिटांत ओततो, त्यामुळे खात्याच्या भाषेतला ‘मध्यम’ कर्वे रस्त्याच्या भाषेत गुडघाभर असू शकतो.

१३ मे

शून्य सावलीचा दिवस. सूर्य साडेबाराच्या सुमारास बरोबर माथ्यावर. आजपासून जुलैअखेरपर्यंत तो माध्यान्हीला पुण्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळी साडेआठला पूर्वेच्या सुमारे दहा अंश उत्तरेला. परिणाम: सुताराची पेटी आली की तिचं उत्तरेचं दार उघडताच तिरपं ऊन थेट तापमापकावर. ‘दार उत्तरेला’ हा नियम उत्तरेकडच्या देशांसाठी जितका निर्धोक आहे तितका १८.५ अक्षांशावर नाही. दार उघडताना पूर्वेच्या बाजूला पुठ्ठा धरायचा, आधी दशांश वाचायचा, मग पूर्णांक, आणि पाच सेकंदांत दार बंद. माणसाच्या श्वासानेसुद्धा ओला तापमापक हलतो.

१७ मे

ढग कुठून येणार? ‘सिंहगडावर काळं झालं की येतो’ हे अर्धसत्य. ढग चालतो तो तीन ते सहा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याने, जमिनीवरच्या नव्हे. वर पूर्वेचा-आग्नेयेचा वारा असेल तर दिवे घाट-सासवडकडून. पश्चिमेचा असेल तर घाटमाथ्यावर उठलेले ढग मुळशीकडून. खाली पश्चिमेचा वारा सुटलेला असताना ढग पूर्वेकडून चालत येतो ते यामुळेच.

वेळेचं गणित करताना सावध. सासवडवरचा ढग ३० किलोमीटरवर आहे आणि ताशी २० किलोमीटरने येतोय, म्हणजे दीड तासाने इथे? नाही. एकट्या ढगाचं आयुष्यच तासाभराच्या आतलं. तो वाटेत संपतो; येते ती त्याने सांडलेली गार हवा, आणि तिच्या कडेवर उचललेला नवा ढग. तो नवा कात्रजवर उठेल, वडगावला की आपल्या डोक्यावर, हे तीन वाजताच्या फलकावर सांगता येत नाही. म्हणून शक्यता ५० टक्क्यांच्या वर फार क्वचित न्यायची.

पाहायचं काय: इन्सॅटच्या अवरक्त चित्रात ढगमाथ्याचं तापमान उणे ४०च्या खाली उतरत असेल तर ढग खोल आहे. पण माथा पसरलेला दिसला म्हणजे पाऊस तिथेच असं नाही. वरचा वारा पिसारा भलतीकडे नेतो. मुंबईच्या रडारचा सर्वांत खालचा झोत पुण्यावर येईतो समुद्रसपाटीपासून सुमारे १.९ किलोमीटर उंच गेलेला असतो, मध्ये सह्याद्री आहे तो वेगळाच. रडारवर दिसणारा आणि जमिनीवर पोचणारा पाऊस यांत कोरड्या दिवसांत फार तफावत पडते.

विजेसाठी ‘दामिनी’ ॲप. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दाखवतं. ४०च्या आत वीज आली की गच्चीवरचं काम, पाण्याच्या टाकीची सफाई, क्रिकेट, सगळं बंद. ॲप नसेल तर मोजा: लखलखाटापासून गडगडाटापर्यंत तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जा. शेवटच्या आवाजानंतर तीस मिनिटं बाहेर नको.

२० मे

वाऱ्याची ओळ. आपल्या वातमापकाचा आकडा फलकावर टाकायचा नाही. कठड्यावरून उसळणारा वारा कधी दीडपट दिसतो, कधी इमारतीच्या आडोशाला शून्य. खात्याच्या अंदाजातला ‘ताशी ४०–५० किमी’ तसाच घ्यायचा आणि त्याखाली कामाचं एक वाक्य.

ते वाक्य का लागतं: वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ३० चा ६० झाला की चौपट. वीस बाय दहा फुटांच्या फ्लेक्सवर ताशी ६० किलोमीटरचा झोत सुमारे ३२० किलोंचा रेटा देतो, आणि तोही झटक्याने. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे अशाच वळिवाच्या वाऱ्यात होर्डिंग कोसळून पाच जण गेले. आडोशाला थांबलेली माणसं होती. फलकावरची ओळ: ‘दुचाकी थांबवायची तर होर्डिंग, पत्र्याची शेड आणि गुलमोहर सोडून.’ गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर, त्यात पदपथ काँक्रीटचे.

२२ मे

‘थंडावा’ हा शब्द फलकावर केव्हा लिहायचा यावर आज नियम केला. तो दोन प्रकारचा असतो आणि लोक दोन्हींना एकच समजतात.

पहिला ढगाचा. पाऊस विरताना हवा गार होते आणि पंधरा-वीस मिनिटांत पारा आठ-दहा अंश उतरतो. तो कुठवर उतरेल हे आधीच कळतं: वळिवाआधीचा ओला तापमापक हा जवळजवळ तळ. अडीचला ओला २२ असेल तर जोरदार सरीनंतर तापमान २३-२४ वर थांबेल. पाऊस थोडाच झाला तर मध्ये कुठे तरी. पण हा गारवा उसना. दुसऱ्या दिवशी आकाश निवळलं की कमाल तापमान जिथल्या तिथे, वर जमिनीतली ओल उकाडा वाढवणार. अशा संध्याकाळी ‘उद्याचा कल: थंडावा’ लिहिलं की दुसऱ्या दिवशी दुपारी फलकाची अब्रू जाते.

दुसरा ऋतूचा. त्याची खूण पावसात नसते. कमाल-किमानातला फरक बघा. कोरड्या एप्रिलमध्ये पुण्यात कमाल ३८ आणि किमान २१, म्हणजे सतरा अंशांची तफावत सहज असते. जुलैत २८ आणि २२, तफावत सहा. उतार लागतो तेव्हा कमाल खाली येतं आणि किमान मात्र वरच राहतं, कधी चढतंसुद्धा, कारण ढग आणि वाफ रात्रीची उष्णता जाऊ देत नाहीत. दिवसा सुख, रात्री पंखा तोच.

नियम: ‘थंडावा’ तेव्हाच, जेव्हा सलग तीन दिवस (१) अडीचचा दवबिंदू २०च्या खाली गेला नाही, (२) पश्चिमेचा वारा संध्याकाळची वाट न पाहता सकाळपासून आहे, (३) कमाल-किमान फरक दहाच्या आत आला. तिन्ही हवेत. दोन असतील तर ‘तात्पुरता गारवा’ लिहायचं.

शहरातला फरक लक्षात ठेवायचा: लोहगाव, मगरपट्टा, कोरेगाव पार्ककडचं किमान पाषाण-शिवाजीनगरपेक्षा चढं असतं. बातमीतलं ‘पुण्याचं तापमान’ कुठल्या केंद्राचं हे पाहिल्याशिवाय आपल्याशी ताडू नये.

२५ मे

रोहिणी लागली. फलकावर नक्षत्र लिहावं अशी मागणी आहे. कोपऱ्यात लिहायला हरकत नाही. अंदाजाच्या ओळीत नाही. तारखेवर पाऊस बांधता येत नाही याचा ताजा दाखला २०२५चा: मुंबईत मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनला पोचतो, त्या वर्षी तो २६ मेलाच पोचला.

‘मान्सून आला’ हे आपण जाहीर करायचं नाही. दोन दिवस ढग आणि रिपरिप झाली म्हणजे आला असं नसतं. केरळच्या आगमनासाठी खातं ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्क्यांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिमी पाऊस, शिवाय पश्चिमी वाऱ्याची खोली आणि ढगांमुळे अवकाशात जाणाऱ्या उष्णतेतली घट, एवढं सगळं पाहतं. पुढे मान्सूनच्या उत्तर सीमेची रेषा रोज नकाशावर येते. ती रेषा पुण्यावरून गेली की लिहू.

३१ मे

गुण देण्याची पद्धत. टक्केवारी फक्त ०, १०, ३०, ५०, ७०, ९० यातलीच. ३५ की ४० यावर वाद घालण्याएवढी आपली माहिती बारीक नाही. ‘झाला’ म्हणजे दोन ते नऊच्या दरम्यान ऐकू आलेला गडगडाट आणि ०.२ मिमी तरी पाऊस, दोन्ही. चूक = (शक्यता − घडलं)चा वर्ग; घडलं असेल तर १, नाही तर ०. ३० टक्के म्हटलं आणि पडला: ०.४९. नाही पडला: ०.०९. महिन्याची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं बरं.

तुलना कशाशी हे महत्त्वाचं. पंधरा दिवसांत पाच वेळा पाऊस झाला आणि एखाद्याने डोळे मिटून रोज ‘३३ टक्के’ लिहिलं तर त्याची सरासरी चूक ०.२२ येते. आपली त्याहून कमी नसेल तर सगळा खटाटोप व्यर्थ. तीन वाचनं घेण्यापेक्षा एकच पाटी रंगवून ठेवावी.

सकाळचा आणि तीनचा फलक यांचे गुण वेगळे लिहायचे. दवबिंदूच्या घसरणीचा उपयोग होतो की नाही हे त्या फरकातूनच कळेल.

५ जून

झुलत्या मापकात न पडलेला पाऊस: बाटली कोरडी आणि नोंदीत ६ मिमी. दोन कारणं सापडली. एक, चुंबकी स्विच एका झुल्यात दोन-तीनदा मिटतो-उघडतो. २०० मिलिसेकंदांत आलेली दुसरी खूण सोडून द्यायची. ताशी १०० मिमी पावसातही दोन झुल्यांत सात सेकंद असतात, त्यामुळे खरं काही हुकत नाही. दुसरं, वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होतानाचा झटका आठ मीटरच्या उघड्या तारेत शिरतो. पीळ दिलेली झाकलेली तार घातली, चिपच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला.

उलटा दोषही तपासला, पडलेला पण न मोजलेला. फनेलच्या जाळीत कबुतराचं पीस आणि गुलमोहराच्या पाकळ्या. मुंग्या झुल्याच्या बिजागरीत घर करतात; पायांना ग्रीस. आठवड्यातून एकदा, शनिवारी, वाचनानंतर.

फाटकासमोरच्या पावसाळी चेंबरची जाळीही त्याच फेरीत साफ करायची. दोन दिवसांपूर्वी साफ केलेली जाळी एका वावटळीने पुन्हा पाल्याने भरते.

१० जून

अडीचचा दवबिंदू टिकतोय, फरक दहाच्या आत, वारा सकाळपासून पश्चिमेचा. तिसरा दिवस. आज तीनच्या फलकावर पहिल्यांदा ‘थंडावा’.

साचा बदलला. ‘दुपारी दोन ते नऊ’ ही चौकट आता चुकीची. मोसमी पाऊस वेळ पाळत नाही. तिच्या जागी ‘पुढचे चोवीस तास’ आणि घाटमाथ्यावरचा पाऊस, कारण यापुढे नदीपात्रातल्या रस्त्याचं भवितव्य इथल्या सरींवर नाही, खडकवासल्याच्या विसर्गावर ठरणार. ११:३०चं वाचन बंद. २:३०चं चालू ठेवायचं, खंड पडला तर दवबिंदू आधी उतरतो. गडगडाटाची ओळ झाकून ठेवली, काढली नाही. सप्टेंबरअखेर परतीच्या पावसात ती लागेल. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर त्याच दिवसांतला.

शनिवारी: बशांची चळत धुवायची, वात बदलायची, बाटलीचं झाकण तपासायचं. सुताराची पेटी अजून आलेली नाही.